मनोरुग्णालयाची भिंत आणि आपले राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



राजकीय अभ्यासवर्गात एका मनोविकारतज्ज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे त्या फ्रांको बाझालिया यांनी कोणतेही औषध शोधून काढले नाही की मेंदूविषयी नवा सिद्धांत मांडला नाही. त्यांनी इटलीतील एक जुनी संस्था मोडून दाखवली. संस्था मोडायच्या कशा आणि मोडल्यावर तिच्या जागी काय उभे करायचे, हा प्रश्न मात्र आपलाच आहे.

बाझालिया यांचा जन्म १९२४ साली व्हेनिस येथे सुखवस्तू घरात झाला. विद्यार्थिदशेत ते फॅसिस्टविरोधी लढ्यात ओढले गेले आणि महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत त्यांनी तुरुंगवास भोगला. १९४९ साली पादुआ विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी तेथेच सुमारे बारा वर्षे संशोधन व अध्यापन केले. हुसेर्ल, हायडेगर, सार्त्र यांचे ग्रंथ वाचून रुग्णाच्या स्वतःच्या अनुभवाला शास्त्रात स्थान मिळावे, असा त्यांचा प्रयत्न होता. विभागप्रमुख त्यांना ‘तत्त्ववेत्ता’ म्हणत; त्यात कौतुकापेक्षा खोचच अधिक असावी. विद्यापीठात बढतीची वाट खुंटली, तेव्हा १९६१ साली ते युगोस्लाव सरहद्दीवरील गोरित्सिया येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले. विद्वत्जगताच्या दृष्टीने ही हद्दपारीच होती.

त्या वेळी १९०४ चा कायदा अमलात होता. ‘स्वतःला वा इतरांना धोकादायक’ किंवा ‘सार्वजनिक लज्जेचे कारण’ ठरलेल्या माणसाला कोंडता येई आणि त्याच्या नावाची नोंद न्यायालयीन दप्तरात गुन्हेगारांबरोबर होई. पहिल्याच दिवशी, बांधून ठेवलेल्या रुग्णांची नोंदवही नव्या संचालकांपुढे सहीसाठी आली. त्यांनी सही केली नाही. तेथे पाऊल ठेवताच आपल्याला तुरुंगाची आठवण झाली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

पुढील काही वर्षांत दारे उघडली, जाळ्या निघाल्या, डॉक्टरांनी पांढरे कोट उतरवले आणि रोज रुग्ण व कर्मचारी यांची एकत्र सभा भरू लागली. या अनुभवांतून १९६८ साली ‘नाकारलेली संस्था’ हा ग्रंथ निघाला. आजार नसतोच, असे बाझालिया म्हणत नव्हते. तसा आरोप मात्र त्यांच्यावर सतत झाला. ते आजार तात्पुरता कंसात ठेवत. वीस वर्षे कोंडलेल्या माणसाचे मौन, त्याची निरिच्छा यांत रोगाचा भाग किती आणि कोंडवाड्याचा किती, हे कुलूप काढल्याखेरीज कळणारच नाही, हे त्यांचे म्हणणे होते. शिवाय आत कोण होते? बहुतांशी गरीब. पैसेवाल्याच्या वेडाला खाजगी चिकित्सालये होती.

त्याच वर्षी सुटीवर घरी गेलेल्या गोरित्सियाच्या एका रुग्णाने पत्नीचा खून केला. बाझालिया यांच्यावर खटला झाला. ते निर्दोष सुटले. हा प्रसंग त्यांच्या चाहत्यांनी गाळू नये. स्वातंत्र्य देणाऱ्याला जोखमीचा हिशेब द्यावाच लागतो. कोंडणाऱ्याकडे मात्र तो कोणी मागत नाही.

पुढे डाव्यांच्या ताब्यातील पार्मा प्रांतात ते गेले. तेथे त्यांना हवा तसा वाव मिळाला नाही. १९७१ साली त्रिएस्तेला त्यांना बोलावले आणि मोकळीक दिली ती प्रांताच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट अध्यक्षाने. आपल्या लोकांनी हे विसरू नये.

त्रिएस्तेच्या रुग्णालयात तेव्हा सुमारे बाराशे माणसे होती. रुग्णच तेथे झाडलोट, धुणे, स्वयंपाक करीत. याला ‘श्रमोपचार’ म्हणत आणि मोबदला म्हणून सिगारेटी किंवा किरकोळ रक्कम देत. १९७२ साली या रुग्णांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि तेच काम ती कराराने, रीतसर वेतनावर करू लागली. मला स्वतःला दारे उघडण्यापेक्षा ही घटना मोठी वाटते. उपचार या नावाखाली चाललेली वेठबिगार थांबली आणि रुग्ण कामगार झाला. १९७३ साली रुग्णांनी व कलावंतांनी बनवलेला निळा घोडा फाटकातून मावेना, तेव्हा फाटकाची मोडतोड करून तो शहरात मिरवत नेला. वृत्तपत्रांना अर्थातच घोडा आवडला. वेतनाच्या कराराची छायाचित्रे निघत नाहीत.

१३ मे १९७८ रोजी कायदा क्रमांक १८० संमत झाला. नवी मनोरुग्णालये बांधण्यास व नवे रुग्ण जुन्यांत घेण्यास बंदी आली. सक्तीच्या उपचारासाठी दोन डॉक्टरांचे मत, महापौरांचा आदेश आणि न्यायाधीशांची देखरेख आवश्यक ठरली; मुदत सात दिवसांची. सार्वमताची टांगती तलवार असल्यामुळे संसदेने घाई केली, हे खरे आहे. बाझालिया १९८० साली, अवघ्या ५६ व्या वर्षी निवर्तले.

कायद्याने भिंत पाडली; बाहेरच्या सेवेची तरतूद मात्र प्रदेशांवर सोपवली. त्रिएस्तेत चोवीस तास उघडी असणारी केंद्रे उभी राहिली. इतरत्र, विशेषतः दक्षिणेत, बरीच वर्षे फारसे काही झाले नाही आणि रुग्ण घरी, म्हणजे आई-बहिणीच्या अंगावर पडला. जुनी रुग्णालये पुरती रिकामी व्हायला नव्वदचे दशक संपत आले. ही उणीव भरून काढण्याचे काम फ्रांका ओंगारो यांनी केले. त्या बाझालिया यांच्या पत्नी, आणि त्यांच्या लेखनात बरोबरीच्या सहकारी. गौरवाच्या भाषणांत त्यांचे नाव सहसा येत नाही. १९८३ ते १९९२ या काळात त्या डाव्या अपक्ष गटातर्फे सिनेटमध्ये होत्या आणि अंमलबजावणीची विधेयके मांडत राहिल्या. १९९४ साली सरकारने मानसिक आरोग्यसेवेची राष्ट्रीय योजना जाहीर केली, तीत त्यांच्या या खटपटीचा वाटा होता. मूळ कायद्याला तोवर सोळा वर्षे झाली होती.