विजेचे स्पंद आणि त्वचेचा कर्करोग



वीज आणि मानवी शरीर यांचा एकत्र उल्लेख झाला की सर्वसामान्य माणसाच्या मनात प्रथम भीती उभी राहते. ओल्या हाताने बटण दाबू नये, तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, ही शिकवण घराघरांत दिली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या शक्तीपासून एरवी जपून राहावयाचे, तीच मोजूनमापून, क्षणाच्या अत्यल्प अंशापुरती वापरली तर त्वचेवरील कर्करोगाच्या गाठी नाहीशा करता येतात, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. हा उपचार कसा चालतो, तो कोणाच्या उपयोगाचा आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक अतिशय पातळ आवरण असते. जुन्या गावाभोवती जशी तटबंदी आणि वेस असे, तसेच या आवरणाचे काम असते. आत काय घ्यावयाचे आणि बाहेर काय ठेवावयाचे, हे तेच ठरविते. पेशीवर थोडा वेळ तीव्र विद्युत् क्षेत्राचा प्रभाव पडला तर या आवरणात सूक्ष्म छिद्रे पडतात. क्षेत्र मर्यादित असेल तर ती काही वेळाने आपोआप बुजतात आणि पेशी जिवंत राहते. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड नॉयमन यांनी १९७२ मध्ये विद्युत् स्पंदांनी आवरणाची पारगम्यता बदलते असे दाखविले आणि १९८२ मध्ये सहकाऱ्यांसह याच मार्गाने उंदराच्या पेशींत बाहेरील जनुक पोहोचविले.

या शोधाचा कर्करोगाशी संबंध जुळला तो एका जुन्या औषधामुळे. जपानमधील हमाओ उमेझावा यांनी १९६० नंतरच्या दशकात जमिनीतील सूक्ष्मजीवांपासून ब्लिओमायसिन हे औषध मिळविले. पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे धागे तोडण्याचे विलक्षण सामर्थ्य त्यात आहे. अडचण एवढीच की, पेशीच्या आवरणातून ते सहजासहजी आत जात नाही, वेशीबाहेरच अडून राहते. पॅरिसनजीकच्या गुस्ताव रूसी संस्थेतील लुईस मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये असे दाखविले की, विद्युत् स्पंदांनी आवरण उघडले म्हणजे या औषधाचा मारक प्रभाव शेकडो पटींनी वाढतो. यातूनच विद्युत्-रासायनिक उपचाराचा जन्म झाला. याच संस्थेत डोके व मान यांच्या कर्करोगामुळे त्वचेवर गाठी आलेल्या ८ रुग्णांवर हा उपचार करण्यात आला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ४० गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या.

प्रत्यक्ष उपचाराची रीत फार गुंतागुंतीची नाही. रुग्णाला स्थानिक किंवा संपूर्ण भूल देतात. ब्लिओमायसिन शिरेतून अथवा थेट गाठीत टोचतात. शिरेतून दिले असल्यास ते सर्वत्र पोहोचावे म्हणून सुमारे ८ मिनिटे थांबतात. नंतर गाठीच्या दोन बाजूंस पट्ट्या लावून किंवा गाठीत सुया खुपसून त्यांमधून ८ स्पंद सोडतात. पट्ट्यांमधील प्रत्येक सेंटिमीटर अंतरास सुमारे १००० व्होल्ट एवढा दाब असतो. हा आकडा ऐकून कोणीही दचकेल. परंतु एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील केवळ १०० भाग एवढाच एक स्पंद टिकतो. आठही स्पंदांचा काळ मिळून एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी भरतो. शिवाय प्रवाह दोन पट्ट्यांमधील थोड्याशा जागेतूनच वाहतो. स्पंदासरशी जवळचे स्नायू आखडतात व वेदना होते; भूल देण्याचे कारण तेच.

या उपचाराचा आणखी एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. ब्लिओमायसिनचा घाव मुख्यतः विभाजन पावणाऱ्या पेशींवर पडतो. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्या मरतात आणि भोवतालची निरोगी त्वचा बऱ्याच अंशी वाचते. स्पंदांमुळे गाठीतील रक्तवाहिन्याही तात्पुरत्या आकुंचन पावतात, त्यामुळे वाहणारे रक्त थांबते. ज्यांच्या छातीवर अथवा चेहऱ्यावर फुटलेली, स्रवणारी, दुर्गंधी येणारी गाठ आहे, त्यांना केवढी कुचंबणा सोसावी लागते, हे घरच्या माणसांनाच ठाऊक. असा रुग्ण पंगतीत बसत नाही, नातवंडांना जवळ घेत नाही. मूळ रोग बरा होण्यासारखा नसला तरी ही जखम सुकविता आली, तर त्याचे उरलेले आयुष्य माणसांत जाते. या उपचाराची खरी थोरवी येथे आहे.

फ्रान्स, डेन्मार्क, आयर्लंड व स्लोव्हेनिया या देशांतील केंद्रांनी एकत्र येऊन उपचाराची प्रमाण पद्धती निश्चित केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात सुमारे ८५ टक्के गाठींना गुण आल्याचे व सुमारे ७४ टक्के गाठी पूर्णपणे गेल्याचे नमूद आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शन संस्थेने २०१३ मध्ये या उपचाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

संशोधन येथेच थांबलेले नाही. अमेरिकेत रिचर्ड न्युचितेली, कार्ल शोएनबाख आदी शास्त्रज्ञांनी याहूनही कितीतरी आखूड, म्हणजे एका सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी ३०० भाग एवढेच टिकणारे, परंतु अधिक तीव्र स्पंद वापरले. २००६ मध्ये त्यांनी असे दाखविले की, या स्पंदांनी कोणत्याही औषधाविना उंदरांवरील मेलॅनोमाच्या गाठी दोन आठवड्यांत ९० टक्क्यांनी आक्रसल्या. १०० स्पंदांनी त्या जागेचे तापमान केवळ ३ अंशांनी वाढले; म्हणजे गाठ भाजून मरत नव्हती. डेन्मार्कमध्ये ज्युली गेल यांच्या गटाने ब्लिओमायसिनऐवजी साधे कॅल्शियम वापरून पाहिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्ण केवळ ७ होते. तथापि कॅल्शियमचा गुण ब्लिओमायसिनच्या जवळपास आढळला. कॅल्शियम स्वस्त व सर्वत्र मिळणारे असल्याने गरीब देशांच्या दृष्टीने ही वाट आशादायक आहे.

मात्र उत्साहाच्या भरात मर्यादा विसरून चालणार नाही. हा उपचार स्थानिक आहे. जेथे स्पंद पोहोचतात तेथेच त्याचा गुण येतो. यकृतात किंवा फुफ्फुसांत पसरलेला रोग त्वचेवरील गाठ गेल्याने हटत नाही. त्वचेचा कर्करोग आरंभीच ओळखला गेला, तर शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकणे हाच आजही प्रमुख उपाय होय. जेथे शस्त्रक्रिया वा किरणोपचार शक्य नाहीत, किंवा गाठी पुन:पुन्हा उद्भवतात, तेथे विद्युत् स्पंदांचा विचार होतो. ब्लिओमायसिन फुफ्फुसांना अपाय करू शकते. म्हणून फुफ्फुसांचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये चालीरीती व कर्करोग यांच्या संबंधावर लेख प्रसिद्ध केला. कमरेला सतत घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यात होते. साडी व परकराच्या नाडीच्या काचानेही असा रोग झाल्याची उदाहरणे पुढे नोंदली गेली. भाजल्याच्या जुन्या व्रणावर वर्षानुवर्षांनी उठणारा कर्करोगही डॉक्टरांच्या परिचयाचा आहे.

म्हणून शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी काही खुणा लोकांना सांगाव्यात. महिना उलटूनही न भरणारी जखम, जुन्या व्रणावर आलेला खडबडीत उंचवटा, आकार वा रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ, तळपायावर अथवा नखाखाली उमटलेला व वाढत जाणारा काळा डाग, यांपैकी काही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथून मोठ्या रुग्णालयात जाऊन तुकडा तपासून घेतल्याखेरीज कोणताही निष्कर्ष काढू नये. विजेने गाठी जातात हे अर्धवट ऐकून कोणी शेक देणारे यंत्र घेऊन गावात बसला, तर त्याच्या नादी लागू नये. या उपचाराला प्रमाणित यंत्र, नेमके औषध आणि प्रशिक्षित डॉक्टर हे तिन्ही लागतात.

सुमारे ३ सेंटिमीटरहून लहान गाठींना या उपचाराचा गुण अधिक येतो, असा अनुभव आहे. शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. शास्त्र कितीही पुढे गेले तरी गाठ लहान असताना रुग्णालयात पोहोचविण्याचे काम यंत्र करू शकत नाही. ते गावातील जाणत्या माणसांनाच करावे लागेल.