नव्या बॅटरीला नवा चार्जर

आम्ही राहणारे लालबागचे. परवा ससून डॉकवर मासळी आणायला गेलो. तिथं आमचा जुना विद्यार्थी भेटला. तो आता तांडेल आहे. म्हणाला, "गुरुजी, होडीवरची शिशाची जड बॅटरी काढून हलकी लिथियमची बसवतोय. चार्जर जुनाच चालेल ना?"

आम्ही म्हटलं, "बाबा रे, आधी दोन्हींवरचे आकडे वाच."

१२ व्होल्टच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत चार सेल असतात. एका सेलला फार तर ३.६५ व्होल्ट चालतात. चारांचे झाले १४.६. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर १५ च्याही वर चढतात. ते हिला सोसत नाही. म्हणून खास लिथियम फॉस्फेटचाच चार्जर घ्यावा. अँपिअरही बॅटरीच्या पुस्तिकेत दिले आहेत त्याहून जास्त नकोत.

दुसरी गोष्ट इंजिनाची. ही बॅटरी अधाशासारखी वीज ओढते. त्यानं इंजिनावरचा आल्टरनेटर तापून जळू शकतो. मग भर समुद्रात दिवा नि वायरलेस दोन्ही बंद! म्हणून मध्ये वीज मोजून देणारा डीसी-डीसी चार्जर लावावा.

तांडेलानं आकडे वाचले. जुन्या चार्जरवर १५.५ होते. त्यानं तो मुकाट्यानं बाजूला ठेवला.

मंडळी, वाचायला शिकायचं ते यासाठीच.