तुमचा सांबार, आमची कोथिंबीर



आपल्या मंडळात गिरगाव-लालबागच्या भगिनी आहेत, तशाच नागपूर-अमरावतीकडून आलेल्याही आहेत. त्यामुळे येथे खरी जुंपते ती शब्दांवरून! नागपूरच्या वहिनी ‘सांबार’ मागतात तेव्हा त्यांना हवी असते कोथिंबीर. आपण मात्र इडलीबरोबरचे सांबार आणावयास भांडे शोधू लागतो. त्यांचा ‘जाम’ म्हणजे आपला पेरू. घाटावरच्या काकू ‘कालवण’ म्हणाल्या, की कोकणातल्या मावशींना समुद्रातली कालवे आठवतात.

‘आलू काय म्हणता, बटाटा म्हणा,’ असे आपण मुंबईकरणी ऐटीत सांगतो. पण बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द तरी मूळचे आपले थोडेच? ते पोर्तुगिजांचे. १५३४ साली मुंबई त्यांच्याकडे गेली, १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांना आंदण मिळाली. राज्ये गेली, शब्द मात्र आपल्या फडताळात राहिले!

थट्टा जरूर करावी; तिने जिव्हाळा वाढतो. परंतु नव्या सुनेच्या शब्दाशब्दाला हशा पिकला, तर ती बोलावयाचेच सोडते. मग आईची बोली मुलांनी शिकावी कोणाकडून? १ मे १९६० रोजी विदर्भ, मराठवाडा, कोकण, देश मिळून मराठी भाषकांचे राज्य झाले. ती एकी आपल्या स्वयंपाकघरातही उतरावी. नवा शब्द कानी पडला, की हवे तर हसा. पण लगेच अर्थ विचारा आणि एकदा वापरूनही पाहा. आज अल्पोपाहाराच्या पोह्यांवर ‘सांबार’ भुरभुरण्याचे काम मी पत्करते!