शिकवणीचे माप
ख्रिस्ती विश्वासात खऱ्या-खोट्या शिकवणीची पारख करण्याचा दंडक मंडळीपेक्षाही जुना आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात एक अवघड शक्यता आधीच गृहीत धरली आहे: एखाद्याने सांगितलेले चिन्ह प्रत्यक्ष घडेल, तरीही त्याची शिकवण खोटी असेल. म्हणजे चमत्कार हा पुरावा नव्हे. पुढे प्रेषितांच्या काळात बिरुया गावच्या लोकांची वाखाणणी झाली ती याच गुणासाठी. प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही ते रोज शास्त्राशी ताडून पाहत.

ताडून पाहण्याची ही रीत कारखान्यातही दिसते. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथवरून उतरलेला जॉब चकचकीत दिसतो म्हणून पास होत नाही. त्याला गेज लावावे लागते. ते गेजही वेळोवेळी मूळ मापाशी ताडले जाते आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असतो. शिकवणीच्या पारखीलाही हीच तीन अंगे आहेत: माप, मापाची तपासणी आणि मान्य फरक.

माप म्हणजे संपूर्ण पवित्र शास्त्र, आणि त्याच्या केंद्रस्थानी ख्रिस्त. दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या शिक्षकाने जुना करार टाकून दिला आणि लूकचे शुभवर्तमान व पौलाची काही पत्रे काटछाट करून ठेवली. त्याने मापच कापले. आजची समृद्धीची शिकवण कागदावर काही कापत नाही; ती आशीर्वादाची वचने तेवढी वाचते आणि ईयोबाचे पुस्तक मिटून ठेवते. योहानाच्या पहिल्या पत्राची कसोटी ख्रिस्त देहाने आला या कबुलीची आहे, तर मत्तयाच्या सातव्या अध्यायातली फळांची. ‘डिडाखी’ हे आरंभीच्या मंडळीचे पुस्तक याहून रोखठोक आहे: फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकू लागला किंवा पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा.

मापाची तपासणी एकट्याने होत नाही. आलेक्झांड्रियाचा एरियस, पुत्र हा निर्माण केलेला आहे हे आपले मत शास्त्रवचनांच्याच आधारे मांडत होता. 325 मध्ये निकाया येथे जमलेल्या बिशपांनी त्याचे मत नाकारताना पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे म्हटले. तो शब्द शास्त्रात नव्हता, पण शास्त्राचा एकूण रोख त्याने सांगितला. वचन तोंडपाठ असणे आणि वचनाशी प्रामाणिक असणे या दोन गोष्टी निराळ्या, हा निकायाचा धडा आहे.

मान्य फरकाचा प्रश्न सर्वांत नाजूक, आणि तो मराठी इतिहासात पंडिता रमाबाईंच्या रूपाने उभा राहिला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्र्यैक्यावर शंका घेतल्या आणि मंडळीचा अधिकार स्वतःच्या सद्सद्विवेकावर चालू देण्यास नकार दिला. भोवतालच्या काहींना हा हट्ट वाटला. पण 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात जागृती आली आणि अन्य भाषा बोलण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याच रमाबाई तोल सांभाळून बोलल्या. 1907 मध्ये त्यांनी लिहिले की ते पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एक चिन्ह खरे, पण तेच एकमेव व आवश्यक चिन्ह मानायला शास्त्राचा आधार नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये, पूर्ण प्रसिद्ध झाले. शंका घेणारा आणि खोटे शिकवणारा यांच्यातला भेद इथे दिसतो. पहिला माप मागतो, दुसरा ते लपवतो.

मराठी वाचकाजवळ माप आहे. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 पासूनचे आहे. मराठी बायबल छापणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय बंगळुरातच आहे. लेखकांनी आणि पाळकांनी उरलेले काम करावे. उपदेशकाने वचनाचा अध्याय आणि ओवी सांगावी, ऐकणाऱ्याने घरी जाऊन त्याच्या मागचा-पुढचा भाग वाचावा, मंडळीने हिशेबाची वही उघडी ठेवावी, आणि प्रश्न विचारणाऱ्याला पाखंडी ठरवण्याआधी त्याला उत्तर द्यावे.