धाप लागते म्हणून बसू नका



चार पावले चालले की धाप लागते. जिना चढताना मधेच थांबावे लागते. रोज सकाळी खोकला आणि कफ. असा कोणी ना कोणी आपल्या पेठेत, आपल्या वस्तीत असतोच. आपण त्याला सरसकट 'दमेकरी' म्हणून मोकळे होतो. पण फुप्फुसांचा एक जुनाट आजार दम्याहून वेगळा आहे. डॉक्टर त्याला 'सीओपीडी' म्हणतात. यात श्वासनळ्या अरुंद होतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही.

हा रोग विडी ओढणाऱ्यालाच होतो, असा पुष्कळांचा समज आहे. आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, पण लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, असे त्यांनी दाखवले. म्हणजे जिने जन्मात विडीला हात लावला नाही, त्या माउलीलाही चुलीचा धूर हा रोग देतो.

मग घरी काय होते? सून हातातली बादली काढून घेते. मुलगा म्हणतो, "आई, तू नुसती बसून राहा." हे प्रेमच आहे, बरं का! पण त्यातून घात होतो. बसून पायांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो. म्हणून धाप वाढते. धाप वाढली की माणूस आणखी बसतो. शेवटी देवळात जाणे सुटते, शेजारणीकडे जाणे सुटते, आणि अंघोळीलाही दुसऱ्याचा हात लागतो.

हे चक्र व्यायामाने तुटते. बिघडलेली फुप्फुसे नवी होत नाहीत, हे खरे. पण स्नायू बळकट होतात. २०१५ साली 'कॉक्रेन' या संस्थेने ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ३,८२२ रोगी होते. व्यायाम करणाऱ्यांची धाप आणि थकवा कमी झाला, आणि ते जास्त अंतर चालू लागले. आपल्यासारख्या देशांत हा उपचार कसा पोचवावा, यावर डॉ. साळवी यांनी इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठाच्या तज्ज्ञांबरोबरही काम केले आहे.

यात काय करतात? आधी डॉक्टर नळीत जोराने फुंकायला लावून रोग नक्की करतात. मग सहा मिनिटे चालवून पाहतात. किती अंतर कापले ते मोजतात. पुढे सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून निदान दोन वेळा, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम असतो. सपाटीवर चालणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, पाण्याच्या लहान बाटल्या हातांनी वर उचलणे. मोठी यंत्रे लागतातच असे नाही.

श्वासाचीही एक रीत आहे. नाकाने श्वास घ्यावा. मग गरम चहा फुंकतो तसे ओठ करून तो सावकाश सोडावा. धाप लागली तर थोडे पुढे वाकून गुडघ्यांवर हात टेकावेत.

व्यायाम किती करावा? चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका. छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळे पडले तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. औषधाचा पंप बंद करू नये. आणि विडी मात्र सोडलीच पाहिजे.

तुम्ही आता लिहू लागला आहात. त्या विद्येचा इथे उपयोग करा. एक वही घाला. आज किती मिनिटे चाललो ते लिहा. धाप किती लागली, त्याला शून्य ते दहा असे गुण द्या. घरात कोणी आजारी असेल तर त्याची वही तुम्ही लिहा. महिन्याने मागचे पान उलटून पाहा, आणि ती वही डॉक्टरांनाही दाखवा.

सारसबागेत सकाळी माणसे चालतात. तुमच्या घरच्या आजीला तिथे एक फेरी मारून आणा. तिच्या पावलाने चला. ती थांबली की थांबा. पण तिला "बसून राहा" असे मात्र म्हणू नका.