जुनी मोटार घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 चिटणीसबाईंनी विषय विचारला आणि मी ‘जुनी मोटार’ असे सांगितले, तेव्हा त्यांना हसू आले. महिला मंडळात बालसंगोपन, आहार, फार तर बचत हे विषय शोभतात, मोटारीचे इथे काय काम, असे त्यांना वाटले असावे. परंतु गेल्या दोन वर्षांत आपल्यातल्याच पाच-सहा जणी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊन गेल्या. कोणाची शाळा मिरजेला, कोणाची इस्पितळात रात्रपाळी, कोणाच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यायचे. नवी गाडी झेपत नाही, रोजचे रिक्षाभाडे परवडत नाही आणि भर पावसात म्हाताऱ्या माणसाला स्कूटरवर नेता येत नाही. अशा घरात मोटार ही चैन नाही. मिक्सर किंवा गॅसची शेगडी जशी सोय, तशीच तीही एक सोय आहे.

मी काही मोटारीची मिस्त्री नव्हे. मी विम्याच्या कचेरीत तीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीच वर्षे मोटारींच्या नुकसानीचे दावे तपासण्यात गेली. गाडी घेताना माणसे पेढे वाटतात. माझ्या टेबलाशी येत तेव्हा त्यांचे चेहरे निराळे असत. त्या टेबलाने मला जे शिकवले तेवढेच आज सांगणार आहे. जुनी मोटार घेताना आपण तीन वस्तू विकत घेत असतो: गाडीचा देह, गाडीचे कागद आणि कागदावरचे नाव. आपण भाव करतो तो मात्र बहुधा देहाचा, आणि त्यातही वरच्या रंगाचा.

पहिली गोष्ट घरीच, वही घेऊन करायची. रोजचा प्रवास किती, ते लिहून काढा. समजा, सांगली-मिरज जाऊन-येऊन आणि थोडे इकडेतिकडे मिळून २४ किलोमीटर होतात आणि महिन्यातून २५ दिवस गाडी निघते. म्हणजे महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,२०० किलोमीटर झाले. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या लहान गाडीला वर्षाला ४०० लिटर पेट्रोल लागेल. १२ देणाऱ्या मोठ्या गाडीला ६००. लिटरचा भाव शंभर रुपये धरला, तरी वर्षाला वीस हजारांचा फरक पडतो. मोठी जुनी गाडी पुष्कळदा लहान गाडीच्याच भावात मिळते, म्हणून मोह होतो. पण तिचे टायर, तिचे सुटे भाग आणि तिचा विमा मोठ्या गाडीच्याच भावाने येतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा प्रकार.

एवढ्या प्रवासाला डिझेलच्या गाडीची गरज नाही. २०२० सालच्या एप्रिलपासून ज्या नव्या मानकाच्या गाड्या आल्या, त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गावातल्या गावात थोडे थोडे चालवले की ती तुंबते आणि खर्च काढते. सी.एन.जी.ची गाडी घ्यायची तर त्या टाकीची नोंद आर.सी. बुकात आहे का आणि दर तीन वर्षांनी करायची टाकीची तपासणी झाली आहे का, हे पाहा.

गाडीच्या कंपनीचाही विचार करावा. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ साली इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या गाड्या वाईट होत्या असे माझे म्हणणे नाही. स्वस्त दिसल्या तर घेण्यापूर्वी आपल्या गावच्या गॅरेजात जाऊन एवढेच विचारावे की, सुटे भाग किती दिवसांत येतात? रोज कामावर जाणाऱ्या बाईची गाडी तीन आठवडे दुरुस्तीला पडून राहणे परवडत नाही. मारुतीच्या ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी तिचे काम जाणणारा मिस्त्री आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो; मात्र गाडीचे वय झाले, हेही विसरू नये. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तर पुढच्या वर्षीचा तो खर्च तिच्या किमतीतच धरावा.

आता पैशाचे. हाताशी तीन लाख असतील तर अडीच लाखांपर्यंतच्याच गाड्या पाहाव्यात. नाव बदलणे, विमा, बॅटरी, दोन टायर, पहिली सर्व्हिसिंग यांत उरलेले पन्नास हजार कधी संपले ते कळतही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण जुन्या गाडीच्या बाबतीत अंथरुणाची थोडी घडी राखूनच पसरावे.

आता गाडीचा देह. गाडी पाहायला सकाळी, उजेडात जावे. संध्याकाळी किंवा पावसात कधीही जाऊ नये. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. ते गार असले पाहिजे. गरम असेल तर आपण येण्यापूर्वी गाडी चालू करून ठेवली होती, म्हणजे थंड असताना ती कुरकुरते की काय, अशी शंका घ्यावी. गाडी चालू केल्यावर सायलेन्सरकडे पाहावे. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑईल जाळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर इंजिनात पाणी शिरते आहे. ऑईलच्या टोपणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर तिथूनच नमस्कार करून घरी यावे.

मीटरवरचा आकडा वाचून भाळू नये. तो मागे फिरवता येतो. दहा वर्षांची गाडी तीस हजार किलोमीटरच चालली असे सांगतात, पण क्लचच्या पायट्याचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असते आणि चालकाची गादी खचलेली असते. सर्व्हिसिंगच्या पावत्या मागाव्यात. त्यांवर दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक होते आणि पावसात पकड सोडते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेले, हे इथे कोणाला सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये पुन्हा आपल्याकडे आणि तिकडे चिपळूणला पाणी आले. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या पुसून, रंगवून पुन्हा बाजारात आल्या. अशा गाडीच्या विजेच्या तारा आतून गंजत जातात आणि एखाद्या दिवशी रस्त्यातच ती बंद पडते. तिला ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. बाहेरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला राहून जातो, आणि त्यावर गढूळ पाण्याची रेघ सापडते. डिकीतली स्टेपनी उचलून खाली माती आहे का पाहावे. गाद्यांखालचे रूळ गंजले आहेत का, हे बोटाने चाचपावे. नवे कोरे गालिचे आणि अत्तराचा भपकारा असेल तर दुप्पट सावध व्हावे.

आपल्या ओळखीच्या एक परिचारिकाबाई रात्रपाळीसाठी गाडी शोधत होत्या. चकचकीत मोठी गाडी आणि नऊ वर्षांची साधी लहान गाडी, अशा दोन त्यांच्यापुढे होत्या. घरच्या सर्वांचे मत मोठीच्या बाजूने पडले. बाईंनी मात्र आपल्या विश्वासातल्या मिस्त्रीला हजार रुपये देऊन दोन्ही गाड्या दाखविल्या. मोठीच्या पट्ट्यावर रेघ निघाली, स्टेपनीखाली गाळ निघाला. त्यांनी लहान गाडी घेतली. विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा, एवढे यातून घ्यावे.

गाडी मुलाबाळांना नेणार, म्हणून सुरक्षिततेचा एक शब्द. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठीही २०२२ पासून तयार झालेल्या गाड्यांत ती असते. थोडे पैसे जास्त गेले तरी शक्यतो एअरबॅग असलेली गाडी घ्यावी. किल्ली फिरवली की तिचा दिवा लागून विझला पाहिजे. लागून तसाच राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर कोणीतरी दिवाच बंद केला आहे. आणि पट्टा बांधला नाही तर एअरबॅगचा उपयोग नाही, उलट इजा होऊ शकते.

आता कागद. गाडीचा क्रमांक घेऊन सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर पाहिले म्हणजे नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा आणि न भरलेले दंड समजतात. आर.सी. बुकावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. सह्या करताना कोरे नमुने कोणाच्याही हाती देऊ नयेत. परराज्यातली गाडी स्वस्त वाटते, पण तिच्यावर इथला कर नव्याने भरावा लागतो.

विकणाऱ्यांनाही एक सांगते. गाडी दिली, पैसे घेतले, आता आपला संबंध संपला, असे समजू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक. अपघातात कोणाचा जीव गेला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

शेवटी कागदावरच्या नावाविषयी. हीच गोष्ट माझ्या जीवाला सर्वांत जास्त लागलेली आहे. एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. गाडी घेऊन दुसऱ्याच महिन्यात अपघात झालेला. आर.सी. बुकावर नाव त्यांचे होते, पण विमा अजून जुन्या मालकाच्या नावावर. दुसऱ्याला इजा झाल्यास लागणारा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र तसा जात नाही. तो १४ दिवसांच्या आत अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. त्यांनी तो केला नव्हता, कारण ‘बघतो मी’ असे एजंट म्हणाला होता. दुरुस्तीचा सगळा खर्च बाईंच्या बचतीतून गेला. जुन्या मालकाची नो-क्लेमची सवलत त्याची असते, ती गाडीबरोबर येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी बाब तर पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. नावाप्रमाणे ते मालकाला मिळते, आणि तोही परवानाधारक असेल तरच. गाडी यजमानांच्या नावावर आणि रोज चालविते पत्नी, असे असेल तर ते संरक्षण तिचे होत नाही. तिच्यासाठी निराळी तरतूद करावी लागते. म्हणून मी म्हणते, जी रोज गाडी चालविणार तिच्याच नावावर गाडी घ्यावी. हा मानापमानाचा प्रश्न नाही आणि यजमानांवर अविश्वासही नाही. जी रस्त्यावर जीव सांभाळून गाडी हाकते, तिच्या मागे तिच्या मुलांना आधार राहावा, एवढाच त्यातला हेतू आहे.

व्यवहार करताना पैसे बँकेतूनच द्यावेत, विसाराची पावती घ्यावी आणि थोडी रक्कम नाव बदलून येईपर्यंत राखून ठेवावी. ‘आज घेतली नाही तर उद्या दुसरे गिऱ्हाईक नेईल’ असे कोणी म्हणाले तर खुशाल नेऊ द्यावी. साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावून ‘नको’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. अडीच लाखांच्या वस्तूला नाही म्हणताना ती का अडखळावी?

भगिनींनो, माझा वेळ संपत आला आहे. आपल्यापैकी कोणाला गाडी पाहायला जायचे असेल आणि सोबत हवी असेल, तर रविवारी सकाळी मी मोकळी असते. वही आणि चष्मा घेऊन येईन.