खोडाखालचा भुसा
(वसंत व्याख्यानमाला, गोदाघाट, नाशिक)



आजचा विषय ऐकून घरच्यांनी विचारलं, "घाटावर बसून किड्यांच्या विष्ठेवर बोलणार?" बोलणार. द्राक्षाच्या जिल्ह्यात या विषयावर नाक मुरडणं परवडत नाही.

हौशी माणूस बागेत शिरला की वर घडांकडे बघतो. जाणता बागायतदार आधी बुंध्याशी वाकतो. तिथे लाकडाच्या चुऱ्याची ताजी ढिगुळी दिसली की तो म्हणतो, "भुसा पडलाय." म्हणजे आत खोडकिडा आहे. शास्त्रात त्याचं नाव सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. आपल्या बाभळीवरही तो पोसतो. त्याची अळी खोडात बोगदा पाडत जाते आणि चावलेलं लाकूड, विष्ठा, सगळं भोकातून बाहेर ढकलते. आपलं घर साफ, कचरा दारात! त्या कचऱ्यावरूनच भोक सापडतं आणि तारेचा आकडा घालून अळी बाहेर ओढता येते.

जुन्या बागांतून याचा एक चुलत भाऊ असतो, स्ट्रोमेशियम बार्बेटम. तो भुसा बाहेर टाकतच नाही. पोखरत पुढे जातो आणि मागचा बोगदा त्याच भुकटीनं ठासून भरतो. वरून खोड धडधाकट दिसतं. सालीवर गोल भोक दिसेपर्यंत भुंगेरा उडून गेलेला असतो. पहिला चोर पावलं उमटवत जातो, दुसरा जाताना अंगण झाडून जातो. मला भीती दुसऱ्याची वाटते.

विष्ठा लपवण्याची गरज किड्यांना आपल्यामुळे पडली, असं मात्र समजू नका. अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या त्यांच्या लेंड्यांच्या वासावरून माग काढतात. म्हणून पानं गुंडाळून राहणाऱ्या काही अळ्या आपली लेंडी स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट दूर उडवतात. आपण भुसा वाचायला शिकलो, त्याच्या कितीतरी आधी या माश्या तो वाचत होत्या.

सगळ्यांचीच घाण कोरडी नसते. पिठ्या ढेकूण, म्हणजे बागायतदारांचा मिलीबग, वेलीचा रस शोषतो. त्या रसात साखर भरपूर, पण अंग वाढवायला लागणारं नत्र अगदी थोडं. तेवढ्यासाठी त्याला रस पीत राहावं लागतं आणि नको असलेली साखर मागून बाहेर टाकावी लागते. हाच चिकटा. तो घडावर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि परदेशी जायचा माल जागीच राहतो. चिकट्यासाठी मुंग्या येतात, वर पिठ्या ढेकणाची राखणही करतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की त्या कुठे चालल्यात ते बघा.

ज्यांना बाग नाही, त्यांच्या घरात धान्य असतं. माझी आजी गव्हाच्या कोठीत हात घालून बोटं चोळायची. बोटांना पीठ लागलं की गहू त्याच दिवशी उन्हात. दाणा पोखरणारा किडा खातो त्याहून जास्त सांडतो.

आता पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाडेवाल्यांसाठी. तुळईखाली काय पडलंय ते चिमटीत घेऊन बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून आलेली वाळवी. खसखशीएवढे कडक दाणे असतील, भिंगाखाली सहा बाजू दिसतील, तर कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. मैद्यासारखी भुकटी असेल तर बहुतेक भुंगा. पण भुकटी दिसली म्हणून लगेच औषधवाल्याला बोलावू नका. किडा मरून वर्षं झाली तरी माडीवर कुणी धपधप चाललं की जुन्या भोकांतून भुकटी गळते. सगळं झाडून घ्या, खाली काळा कागद अंथरा, माडीवर कुणाला जाऊ देऊ नका आणि आठ दिवसांनी येऊन कागद बघा.